फाटकावरची एकजूट, वस्तीतली फूट

कामगार संघटनांना कायद्याचे अधिष्ठान देणारा ट्रेड युनियन कायदा २५ मार्च १९२६ रोजी संमत झाला. त्यानंतर अवघ्या आठ दिवसांनी, २ एप्रिल रोजी, कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवर एका मशिदीसमोरून आर्य समाजाची मिरवणूक वाजतगाजत जात असताना वाद झाला आणि शहरात दंगल उसळली. अधूनमधून शमत आणि पुन्हा भडकत ती जुलैपर्यंत चालली. देवळे फोडली गेली, मशिदींवर हल्ले झाले आणि शंभराहून अधिक माणसे प्राणाला मुकली. दिल्लीत विधिमंडळाने कामगारांच्या एकजुटीला मान्यता द्यावी आणि कामगारांची देशातील सर्वांत मोठी वस्ती असलेल्या महानगरात त्याच आठवड्यात ती एकजूट धर्माच्या नावाने दुभंगावी, हा योगायोग खराच. पण त्यात दडलेला प्रश्न गेल्या शंभर वर्षांत सुटलेला नाही.

प्रश्न साधा आहे. जी संघटना एका हाकेसरशी गिरणीची चाके थांबवू शकते, तिला आपल्याच सभासदाच्या देवळावर किंवा मशिदीवर पडणारा दगड थांबवता येतो काय? प्रार्थनास्थळावर हल्ला झाला की आज बहुतेक मध्यवर्ती कामगार संघटनांकडून निषेधाचे पत्रक निघते. परदेशातही हेच घडते. २०१८ मध्ये अमेरिकेत पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये ११ आणि २०१९ मध्ये न्यूझीलंडमध्ये ख्राईस्टचर्चच्या दोन मशिदींत ५१ जणांची हत्या झाली, तेव्हा त्या त्या देशांतील कामगार महासंघांनी तातडीने निषेध नोंदवला होता. निषेध आवश्यक असतो. परंतु पत्रक वाचून जमाव मागे फिरत नाही. जमाव कशाने थांबतो, याचे उत्तर शोधायचे तर कोलकात्याइतके बोलके शहर दुसरे नाही. या शहराने कामगारांची एकजूट दंगलीवर मात करताना पाहिली आहे आणि कामगार संघटनेचा झेंडा दंगलखोरांच्या हाती गेल्याचेही पाहिले आहे.

मजूर होते, संघटना नव्हती

हुगळीच्या दोन्ही तीरांवर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तागाच्या गिरण्या उभ्या राहिल्या. शतक संपत आले तसतसे त्यांत बिहार, संयुक्त प्रांत, ओडिशा आणि आंध्रातून आलेल्या मजुरांचे प्रमाण वाढत गेले. भरती सरदारामार्फत होई. सरदार आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा माणूस आणी. त्यालाच खोली मिळवून देई, कर्ज देई आणि मर्जी फिरली तर कामावरून काढी. परिणामी खात्याखात्यात आणि चाळीचाळीत धर्म व प्रांत यांनुसार वेगवेगळे गट तयार झाले. गाव सोडून आलेल्या या माणसाला शहरात आपली म्हणावी अशी एकच सार्वजनिक जागा होती. ती म्हणजे त्याचे देऊळ किंवा त्याची मशीद. दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी माणसाला गणेशोत्सव मंडळ जो आधार देते, त्याहून कितीतरी अधिक आधार त्या मजुराला तेथे मिळत असे. म्हणूनच त्या जागेवरचा आघात त्याला केवळ श्रद्धेवरचा नव्हे, तर शहरातील आपल्या अस्तित्वावरचा आघात वाटे.

१८९० च्या दशकात बकरी ईद, मोहरम, रथयात्रा यांच्या सुट्ट्यांवरून या गिरण्यांत वारंवार तंटे झाले. १८९७ च्या जूनअखेरीस कलकत्त्याच्या उत्तरेला टाला येथे महाराजा जतींद्रमोहन टागोर यांच्या जमिनीवरील एक झोपडीवजा बांधकाम न्यायालयाच्या हुकमाने पाडण्यात आले. ती मशीद होती, असे तेथील मुसलमानांचे म्हणणे होते. त्यातून उसळलेल्या दंगलीत तागगिरण्यांचे मजूरही ओढले गेले. इतिहासकार दीपेश चक्रवर्ती यांनी बंगालच्या तागकामगारांवरील १९८९ च्या ग्रंथात या काळाची चिकित्सा केली आहे. मालकाविरुद्ध उग्रपणे लढणारा हा कामगार टिकाऊ संघटना मात्र का उभारू शकला नाही आणि धर्म-प्रांताच्या ओळखी त्याच्यात इतक्या प्रबळ का राहिल्या, हा त्यांच्यापुढील कळीचा प्रश्न होता.

त्याच दशकात मुंबईतही हेच चित्र होते. ११ ऑगस्ट १८९३ रोजी मुंबईत भडकलेल्या हिंदू-मुस्लिम दंगलीत गिरणी कामगार सामील झाले होते. त्या वेळी कामगारांमध्ये सलोखा घडवण्यासाठी झटलेले नारायण मेघाजी लोखंडे यांना सरकारने पुढे 'रावबहादूर' हा किताब दिला. लोखंडे यांनी १८८४ मध्ये स्थापन केलेली मिलहँड्स असोसिएशन ही वर्गणी, घटना आणि सभासद-यादी असलेली आजच्या अर्थाची युनियन नव्हती. तरीही कामगारांच्या साप्ताहिक सुट्टीसाठी लढणारा नेता दंगलीच्या वेळी वस्तीत उतरतो, हे भारतीय कामगार चळवळीच्या अगदी आरंभीचे उदाहरण आहे. मर्यादा एवढीच, की ते एका माणसाच्या नैतिक वजनावर उभे होते. १८९७ मध्ये प्लेगने लोखंडे यांचे निधन झाले आणि ते वजनही गेले.

कायदा आला, झेंडे वाढले

ट्रेड युनियन कायद्याचा पाठपुरावा करणारे प्रमुख नेतेही मराठीच होते. नारायण मल्हार जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यासाठी ठराव मांडला होता. पाच वर्षांनी कायदा झाला आणि १ जून १९२७ पासून तो अमलात आला. १९२६ च्या दंगलीत मात्र कलकत्त्याच्या कामगार चळवळीपाशी जमावाला अडवण्याची ताकद नव्हती. तिच्यापाशी होती ती लेखणी. कामगार-शेतकरी पक्षाच्या 'गणवाणी' या मुझफ्फर अहमद संपादित पत्रात काझी नझरूल इस्लाम यांचा 'मंदिर ओ मस्जिद' हा लेख त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. प्रार्थनास्थळाच्या भिंतीपेक्षा माणूस मोठा, हा त्याचा आशय. बंगाली गद्यात तो लेख आजही मानाने आठवला जातो. परंतु ज्यांच्यासाठी तो लिहिला गेला त्या निरक्षर गिरणी मजुरापर्यंत तो पोहोचवणारी यंत्रणा त्या वेळी उभी राहिलेली नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत ती उभी राहू लागली. १९३७ च्या ताग संपात दोन लाखांहून अधिक कामगार उतरले. हिंदू-मुस्लिम मजुरांनी महिनोन्‌महिने एकत्र संप चालवता येतो, हे त्या संपाने दाखवून दिले. पण त्याच वर्षी फझलुल हक मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळणारे हुसेन शहीद सुऱ्हावर्दी यांनी लाल बावट्याच्या युनियनांना शह देण्यासाठी लीगला अनुकूल अशा पर्यायी संघटनांना बळ दिले. वेतनाच्या प्रश्नावर एकवटलेला कामगार धर्माच्या रेषेवर पुन्हा विभागता येतो, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. कामगार संघटना हे धर्मातीत साधन आहे, असे आपण गृहीत धरतो. वस्तुतः ते केवळ साधन आहे आणि ते कोणाच्या हाती आहे यावर त्याचा उपयोग ठरतो.

ऑगस्ट १९४६ चे दोन धडे

या विधानाची सर्वांत कठोर कसोटी १९४६ मध्ये लागली. २९ जुलै रोजी टपाल व तार कर्मचाऱ्यांच्या संपाला पाठिंबा म्हणून कलकत्त्यात अभूतपूर्व सार्वत्रिक संप झाला. ट्रामपासून कारखान्यांपर्यंत सारे शहर ठप्प झाले. हिंदू-मुस्लिम कामगार खांद्याला खांदा लावून रस्त्यावर होते. त्यानंतर अठराव्या दिवशी, १६ ऑगस्टला, मुस्लिम लीगच्या 'प्रत्यक्ष कृती दिना'ला आरंभ होऊन तेच शहर कत्तलखाना बनले. सुमारे चार हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज सर्वसाधारणपणे मान्य आहे. बंगालचे मुख्यमंत्री त्या वेळी सुऱ्हावर्दीच होते.

पहिला धडा मेटियाबुरूजचा. तेथील लिचुबागान भागात केशोराम कापड गिरणीच्या मजुरांवर सशस्त्र जमावाने हल्ला केला. मृतांत पोटासाठी ओडिशातून आलेल्या मजुरांचा भरणा मोठा होता. मृतांच्या आकड्याबाबत आजही वाद आहेत. या जमावाचे नेतृत्व त्याच परिसरातील एका कापड कामगार युनियनच्या अध्यक्षाने केल्याची फिर्याद बचावलेल्यांनी पोलिसांत दिली होती. कामगार चळवळीच्या गौरवगाथेत हा प्रसंग सहसा येत नाही, पण तो आलाच पाहिजे. नोंदणी, पदाधिकारी आणि झेंडा एवढ्यावर संघटना द्वेषापासून सुरक्षित होत नाही. एकाच समाजाच्या पायावर उभी राहिलेली युनियन दंगलीत त्या समाजाची सेना होऊ शकते.

दुसरा धडा ट्राम कामगारांचा. ट्राम कंपनी लंडनमध्ये नोंदलेली, ब्रिटिश मालकीची. तिच्या कामगारांची युनियन १९३० च्या दशकापासून सोमनाथ लाहिरी, महंमद इस्माईल यांसारख्या कम्युनिस्ट कार्यकर्त्यांनी बांधलेली. इस्माईल पुढे बराकपूरमधून लोकसभेवरही निवडून आले. या युनियनचे बळ डेपोत होते. ट्रामवर चालक व कंडक्टर जोडीने काम करतात. गाडी हिंदू मोहल्ल्यातून निघून मुस्लिम मोहल्ल्यातून जाते आणि रात्री सगळे एकाच डेपोत परततात. एकमेकांच्या जिवाची जबाबदारी हा या कामाचाच भाग होता. ऑगस्टच्या कत्तलीनंतर पाच महिने उलटले आणि २१ जानेवारी १९४७ रोजी हिंदू-मुस्लिम ट्राम कामगारांनी एकत्र संप पुकारला. तो ८५ दिवस चालला. मार्चअखेर शहरात पुन्हा दंगल उसळली, तरी संप धर्माच्या रेषेवर फुटला नाही आणि कामगारांनी तो यशस्वी करून दाखवला. फाळणीच्या उंबरठ्यावर, परस्परांच्या वस्तीत पाऊल टाकायला माणसे भीत असताना, एका कामगार संघटनेने टिकवलेली ही एकजूट भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात अपवादात्मक आहे.

दोन्ही प्रसंग एकाच शहरातले आणि अवघ्या काही महिन्यांच्या अंतरातले आहेत. फरक विचारसरणीच्या घोषणांत शोधणे पुरेसे नाही. तो संघटनेच्या बांधणीत आहे. जेथे रोजचे काम मिश्र, डेपोची समिती मिश्र आणि निर्णय सर्वांनी मिळून घेण्याची सवय, तेथे अफवेला उत्तर देणारा माणूस दोन्ही बाजूंना हजर असतो.

सत्तेच्या सावलीत

१९७७ ते २०११ या काळात पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीचे राज्य होते आणि प्रमुख कामगार संघटना सत्ताधारी यंत्रणेचाच भाग होती. सरकारने मनावर घेतले तर दंगल होत नाही, असे ज्योती बसू सांगत. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांचे शिरकाण झाले आणि गुरुद्वारे जाळले गेले. टॅक्सी व मालवाहतुकीत शिखांचा मोठा भरणा असलेले कलकत्ता त्या मानाने शांत राहिले. सरकार आणि पक्षयंत्रणा यांनी तत्परता दाखवल्याचे हे फळ होते.

परंतु या शांततेत एक कमकुवत दुवा राहून गेला. दंगल रोखणे हे काम सरकारचे झाले आणि कामगार संघटनेकडे केवळ साहाय्यकाची भूमिका उरली. डिसेंबर १९९२ मध्ये बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर कलकत्त्यातही लष्कराला पाचारण करावे लागले. हिंसाचाराची झळ मुख्यतः टँगरा, मेटियाबुरूज या भागांना बसली. एकीकडे चर्मोद्योगातील मजूर, दुसरीकडे घरोघरी शिलाईकाम करणारे कारागीर; दोन्ही ठिकाणी संघटित कामगार थोडे. इतिहासकार सुरंजन दास यांनी या दंगलीचा अभ्यास करताना जमिनीवर डोळा असलेले विकासक आणि गुंड यांच्या सहभागाकडे लक्ष वेधले आहे. संघटना जेथे पोहोचली नव्हती तेथे इतर हितसंबंध पोहोचले होते.

मुंबईचा अनुभव याला पूरक आहे. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव खिळखिळे झाले आणि दहा वर्षांनी, डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार ९०० माणसे मारली गेली. उलट १९७० व १९८४ मध्ये होरपळलेली भिवंडी त्या वेळी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून तेथे मोहल्ला समित्या बांधल्या होत्या. यंत्रमागाच्या या गावात प्रभावी कामगार संघटना असती तर जे काम तिचे ठरले असते, ते पोलिसांना करावे लागले. समितीचे सूत्र मात्र ट्राम डेपोसारखेच होते: मिश्र सदस्यत्व, नियमित बैठका आणि संकटापूर्वीची ओळख.

आजची अडचण

तागपट्ट्यातील जुन्या जखमा बुजलेल्या नाहीत. १८९० च्या दशकात सणांवरून धुमसलेल्या रिषड्यात २ एप्रिल २०२३ रोजी रामनवमीच्या मिरवणुकीवरून दगडफेक व जाळपोळ झाली. २०१९ मध्ये भाटपाडा-काकिनाडा या गिरणीपट्ट्यात लोकसभा निवडणुकीनंतर आठवडेच्या आठवडे हिंसाचार चालू होता. या सव्वाशे वर्षांत गिरण्यांच्या दारावरच्या युनियनांची संख्या वाढली. त्यांचा वस्तीतील शब्द मात्र वाढला नाही. बदली आणि कंत्राटी कामगार आज एका दारावर असतो, उद्या दुसऱ्या. त्याची युनियनशी ओळख वर्गणीपुरतीही उरलेली नाही. शिवाय प्रत्येक मोठा पक्ष आपापली कामगार आघाडी चालवतो. बोनसवर या आघाड्या एकत्र येऊ शकतात. मिरवणुकीच्या वादात त्या आपापल्या पक्षाची भूमिका घेऊन उभ्या राहतात.

कायद्याची चौकटही बदलली आहे. प्रार्थनास्थळाची नासधूस वा विटंबना करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९८ नुसार गुन्हा आहे. प्रार्थनास्थळांचे १५ ऑगस्ट १९४७ रोजीचे स्वरूप कायम राखणारा कायदा शंकरराव चव्हाण गृहमंत्री असताना १९९१ मध्ये संसदेने केला. म्हणजे गुन्ह्याची व्याख्या आणि शिक्षा यांची वाण नाही. कामगार संघटनांच्या बाजूने पाहिले तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९२६ चा कायदा इतिहासजमा झाला. पूर्वी संपासाठी चौदा दिवसांची पूर्वसूचना केवळ लोकोपयोगी सेवांना सक्तीची होती; आता ती सर्वच औद्योगिक आस्थापनांना आहे. रात्री देवळावर किंवा मशिदीवर हल्ला झाला आणि सकाळी कामगारांनी एकत्र येऊन काम थांबवायचे ठरवले, तर ते बेकायदा ठरण्याचा धोका आहे.

दुसरा बदल कमी चर्चेत आलेला आहे. युनियनचा सर्वसाधारण निधी कशावर खर्च करता येईल, याची यादी १९२६ च्या कायद्यातच दिलेली होती. तीत सभासदांच्या सामाजिक, शैक्षणिक व धार्मिक लाभांचाही समावेश होता. नव्या संहितेने ही यादी नियमांवर सोपवली. मंत्रालयातील अधिकाऱ्यांना येथे मोठा वाव आहे. दंगलीत घर वा रोजगार गमावलेल्या सभासदाला, त्याचा धर्म न पाहता, मदत करणे आणि हल्ल्यात बाधित झालेल्या प्रार्थनास्थळाच्या परिसरात मिश्र मदत पथक पाठवणे, हे खर्चाचे उद्देश म्हणून नियमांत निःसंदिग्धपणे येऊ शकतात. त्यासाठी संसदेचे अधिवेशन लागत नाही.

प्रशासनाच्या हाती आणखी एक गोष्ट आहे. सणासुदीपूर्वी जिल्हा प्रशासन शांतता समितीची बैठक घेते. तीत पक्षनेते, धर्मगुरू, व्यापारी असतात. कामगार प्रतिनिधीला सहसा स्थान नसते. वास्तविक औद्योगिक वस्तीत पाळी सुटल्यावर कोणत्या दारातून कोणत्या मोहल्ल्याचे लोक बाहेर पडतात, अफवा कोठून कोठे जाते, हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मिरवणुकीचा मार्ग आणि पाळीची वेळ यांचा मेळ घालणे ही बाब किरकोळ वाटेल. परंतु या पट्ट्यातील अनेक तंट्यांची सुरुवात सण, सुट्टी आणि मिरवणूक यांतूनच झालेली आहे.

अर्थात प्रशासनाने स्थान दिले तरी संघटनेला आधी स्वतःच्या घरात पाहावे लागेल. फाटक समितीत सर्व धर्मांचे व प्रांतांचे प्रतिनिधी आहेत काय, कंत्राटी कामगाराला मताधिकार आहे काय, युनियनचे कार्यालय वस्तीत आहे की केवळ गिरणीच्या दाराशी, या प्रश्नांची उत्तरे जेथे नकारार्थी आहेत तेथे निषेधाचे पत्रक कितीही खणखणीत असले तरी ते कागदच राहणार. ज्या ट्रामच्या कामगारांनी १९४७ मध्ये वेगळे उदाहरण घालून दिले, ती ट्राम एक वारसा-मार्ग वगळता बंद करण्याचा इरादा राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. वाहतुकीचे साधन जुने होते, मोडीतही निघते. पण दोन वस्त्यांना रोज जोडणारे काम आणि त्या कामातून घडलेली संघटना शहरातून नाहीशी झाली, तर तिची जागा पोलिसांची गाडी भरून काढू शकत नाही. ती गाडी दगड पडल्यानंतर येते.